परदेशी निघताना लसीचा कागद: मागतो कोण, लागतो कुठे आणि तुमचा हक्क किती

गोंदिया, तिरोडा, आमगाव, देवरीकडच्या वाचकांचे एकाच धाटणीचे प्रश्न वरचेवर येत असतात. मुलीला अमेरिकेतल्या विद्यापीठाने लसीकरणाचा तक्ता पाठवला आहे, तो भरायचा कसा? कोव्हिशिल्ड घेतली होती, ती परदेशात अजून चालते का? आफ्रिकेत कामाला जायचं आहे आणि एजंट म्हणतो, लसीचा कागद मीच काढून देतो. त्याला पैसे द्यावेत का? एक प्रश्न जरा दबक्या आवाजात येतो: लस घ्यायचीच नसेल तर?

या प्रश्नांना व्हॉट्सॲपवर मिळणारी उत्तरं दोनच असतात, ‘आता काहीच लागत नाही’ किंवा ‘सगळंच लागतं’. दोन्ही चुकीची आहेत, आणि दोन्हींमुळे ऐन वेळी तिकिटाचे पैसे बुडू शकतात.

पहिलं काम: मागणारा कोण ते ओळखा

‘परदेशात लस लागते का’ असं मोघम विचारू नका. लस कोण मागतंय, ते विचारा. मागणारे वेगवेगळे असतात आणि प्रत्येकाचा नियमही वेगळा असतो.

- देशाची सीमा. विमानतळावर प्रवेशाची अट म्हणून मागितला जाणारा कागद. आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांत नेहमीच्या प्रमाणपत्रासाठी नावानिशी उल्लेख एकाच रोगाचा आहे, पिवळ्या तापाचा. काही देश आपापल्या अटी त्यात जोडतात.
- कायम वास्तव्याचा अर्ज. उदाहरणार्थ अमेरिकेचं ग्रीन कार्ड. इथे ठरवून दिलेला डॉक्टर तपासणी करतो आणि लसींची यादी लांबलचक असते. साध्या विद्यार्थी व्हिसाला ही यादी लागू नाही.
- संस्था. विद्यापीठ, वसतिगृह, रुग्णालय, मुलाची शाळा. आपल्याकडच्या लोकांना सर्वांत जास्त त्रास इथेच होतो, कारण व्हिसा हातात आला की सगळं झालं असं घरचे धरून चालतात.
- मधला माणूस. एजंट किंवा टूरवाला. त्याला लस मागण्याचा कसलाही अधिकार नाही. तो नियम सांगत असेल तर तो नियम कुणाचा, हे त्याच्याकडून लेखी घ्या.

मागणारा कळला की त्याच्या अधिकृत पानावरचा नियम त्या दिवशीची तारीख दिसेल अशा रीतीने छापून ठेवा. नियम बदलतात. शेजारच्याचा मुलगा दोन वर्षांपूर्वी गेला होता, या आधारावर काहीही ठरवू नका.

कोविडचं प्रमाणपत्र: राग रास्त आहे, काळजी नको

आपल्याकडे लसीकरण १६ जानेवारी २०२१ ला सुरू झालं. सरकारी केंद्रावर निवड नव्हतीच; त्या दिवशी खोक्यातून जी निघेल ती घ्यायची. देवरी किंवा सालेकशाच्या केंद्रावर रांगेत उभ्या असलेल्या माणसाला ‘कोणती हवी’ असं कुणी विचारलं नाही. जून २०२१ नंतर खासगी रुग्णालयांत कोव्हिशिल्ड ७८० आणि कोव्हॅक्सिन १,४१० रुपयांच्या कमाल दराने मिळू लागली, म्हणजे निवड खिशाला परवडणाऱ्यांपुरतीच होती.

आणि मग परदेशांनी याच लसींवरून माणसांची प्रतवारी लावली. १ जुलै २०२१ पासून युरोपीय संघाचं डिजिटल प्रमाणपत्र सुरू झालं, त्यासाठी ॲस्ट्राझेनेकाची युरोपात नोंदलेली लस चालायची. तीच लस पुण्यात सिरम इन्स्टिट्यूटने बनवली तर मान्यता द्यायची की नाही, हे प्रत्येक देशावर सोडलेलं. कोव्हॅक्सिनला जागतिक आरोग्य संघटनेची आपत्कालीन मान्यता मिळायला ३ नोव्हेंबर २०२१ उजाडला. तोवर ती घेतलेली अनेक मुलं प्रवेश हातात असून अडकून पडली होती. ब्रिटनचं वागणं तर सगळ्यात लागणारं होतं. मार्च २०२१ मध्ये त्यांनी पुण्याच्या कारखान्यातून सुमारे ५० लाख डोस नेले, स्वतःच्या नागरिकांना दिले, आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीपासून भारतात तीच लस घेतलेल्यांना मात्र लस न घेतल्यासारखं विलगीकरणात बसवायचं ठरवलं. भारताने तशीच अट ब्रिटिश प्रवाशांना लावली, तेव्हा ११ ऑक्टोबर २०२१ पासून ब्रिटनने आपली अट उठवली. ज्या वाचकांच्या मनात ‘आमच्या लसीला दुय्यम का ठरवलं’ हा सल आहे, त्यांचं चुकलेलं नाही. ते निर्णय विज्ञानाचे कमी आणि कागदोपत्री कारभाराचे जास्त होते.

आजची स्थिती मात्र सोपी आहे. जागतिक आणीबाणी ५ मे २०२३ ला संपली. अमेरिकेने हवाई प्रवाशांवरची अट त्याच महिन्यात काढली आणि ग्रीन कार्डच्या अर्जातली कोविड लसीची अट जानेवारी २०२५ मध्ये रद्द केली. जवळपास सर्व देशांत प्रवेशासाठी हे प्रमाणपत्र आता मागत नाहीत. तरी ते फेकू नका. को-विनवरून उतरवून घ्या, कारण एखादं रुग्णालय किंवा वृद्धाश्रम नोकरी देताना ते मागू शकतं.

मे २०२४ मध्ये ॲस्ट्राझेनेकाने युरोपातला परवाना परत केल्याची बातमी आली आणि ‘आमचं प्रमाणपत्र रद्द झालं का’ असे प्रश्न सुरू झाले. रद्द झालेलं नाही. तुम्ही लस घेतलीत ही नोंद कायम राहते. रक्तात गाठी होण्याचा जो दुर्मीळ दुष्परिणाम सांगितला जातो, तो खराच आहे, पण तो डोसनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत दिसतो. वर्षं उलटून गेल्यावर त्याची भीती बाळगण्याचं कारण नाही.

विद्यार्थ्यांनो, खरी अडचण एमएमआरची आहे

अमेरिकेतली बहुतेक विद्यापीठं गोवर, गालफुगी आणि रुबेला या तिन्हींवरच्या एमएमआर लसीचे दोन डोस मागतात. पूर्तता झाली नाही तर पुढच्या सत्राची विषयनोंदणी अडवून ठेवतात. आपल्या मुलांना ‘सगळ्या लसी दिल्यात’ असं आईवडील सांगतात आणि ते खरंही असतं; तरीही तक्ता भरत नाही. कारण असं आहे:

- २०१० पूर्वी सरकारी कार्यक्रमात गोवराचा एकच डोस होता, तोही नवव्या महिन्यात. अमेरिकेत पहिल्या वाढदिवसाआधी दिलेला डोस धरत नाहीत.
- महाराष्ट्रात २७ नोव्हेंबर २०१८ पासून गोवर-रुबेला मोहीम झाली. ९ महिने ते १५ वर्षांच्या मुलांना शाळाशाळांतून लस दिली. ती एमआर लस होती. तिच्यात गालफुगी नाही.
- त्यानंतर अंगणवाडीत आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळते ती लसही एमआरच आहे, एमएमआर नव्हे. एमएमआर बालरोगतज्ज्ञ खासगीत देतात.

म्हणजे सरकारी केंद्रात लस घेतलेल्या बहुतेक मुलांच्या कार्डावर गालफुगीची एकही नोंद नसते. मार्ग दोन आहेत. एक, एमएमआरचे दोन डोस नव्याने घ्या, मध्ये किमान २८ दिवस सोडा. आधी गोवराची लस झालेली असताना पुन्हा घेतल्याने अपाय होत नाही. दोन, रक्ताची आयजीजी तपासणी करून तिन्ही रोगांविरुद्ध प्रतिकारशक्ती असल्याचा अहवाल द्या. अनेक विद्यापीठं तो मान्य करतात, पण आधी विचारून घ्या. लहानपणीचं कार्ड हरवलं असेल तर माझं मत सरळ आहे: तपासणीच्या मागे न लागता दोन डोस घेऊन टाका. तपासणीत तिन्हींपैकी एका रोगाविरुद्धची प्रतिकारशक्ती जरी कमी निघाली तरी लस घ्यावीच लागते, आणि तोवर महिना गेलेला असतो. गरोदर असाल किंवा महिनाभरात गर्भधारणेचा विचार असेल तर मात्र ही लस घेऊ नका, डॉक्टरांशी बोला.

वसतिगृहात राहणाऱ्यांकडून मेनिंजायटिसची एसीडब्ल्यूवाय लसही बऱ्याच ठिकाणी मागतात. ती लहान गावांत सहसा ठेवलेली नसते. मग औषध दुकानदार म्हणतो, ‘नागपूरहून मागवून देतो.’ एप्रिल-मे महिन्यात हे करू नका. लस २ ते ८ अंश तापमानात राहिली पाहिजे आणि आपल्याकडे तेव्हा पारा ४५ च्या आसपास असतो. पिशवीत बर्फ घालून विदर्भ एक्स्प्रेसने आलेली कुपी नेमकी किती वेळ गरम होती हे कुणी सांगू शकत नाही. त्यापेक्षा विद्यार्थ्याने स्वतः नागपूरला जाऊन, जिथे लस साठवलेली आहे तिथेच टोचून घ्यावी. जाऊन-येऊन एक दिवस लागतो.

नर्सिंग किंवा वैद्यकीय शिक्षण-नोकरीसाठी जाणाऱ्यांनी हेपटायटिस-बीकडे सर्वांत आधी बघावं. तीन डोस ०, १ आणि ६ महिन्यांना असतात, म्हणजे अर्ध वर्ष. वर रक्तातलं प्रतिपिंडांचं प्रमाण तपासून अहवाल मागतात. क्षयरोगाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. आपल्याकडे जन्मतः बीसीजी टोचतात, त्यामुळे हातावरची मांटू चाचणी विनाकारण पॉझिटिव्ह येऊ शकते. तिकडच्या संस्थेला विचारून शक्य असेल तर रक्तातली इग्रा चाचणी करा. आणि एमएमआर घेणार असाल तर मांटू त्याच दिवशी करून घ्या किंवा चार आठवडे थांबा. अधेमधे केली तर निकाल भरवशाचा नसतो.

मुलांना घेऊन जाणाऱ्या कुटुंबांसाठी

आईवडिलांना नोकरी मिळते, व्हिसा मिळतो, आणि बालवाडीच्या दारात अडकायला होतं. जर्मनीत १ मार्च २०२० पासून गोवर संरक्षण कायदा लागू आहे. लसीचा पुरावा नसेल तर बालवाडी मुलाला घेत नाही. शाळा सक्तीची असल्याने शाळेतून काढत नाहीत, पण पालकांना २,५०० युरोपर्यंत दंड होऊ शकतो. फ्रान्समध्ये २०१८ पासून जन्मलेल्या मुलांना ११ लसी बंधनकारक केल्या, इटलीने २०१७ च्या कायद्याने १० केल्या. ऑस्ट्रेलिया जबरदस्ती करत नाही, पण २०१६ पासून लसीकरण अपुरं असेल तर काही सरकारी कौटुंबिक लाभ थांबवतो.

तेव्हा जाण्याआधी गोवराचे दोन्ही डोस कार्डावर स्पष्ट दिसतील असं बघा. आशाताईंनी किंवा एएनएम सिस्टरनी दिलेलं माता-बाल संरक्षण कार्ड मूळ स्वरूपात बरोबर न्या.

आफ्रिकेत जाणाऱ्यांनी हा भाग दोनदा वाचावा

युगांडा, घाना, काँगोसारखे देश आत शिरतानाच पिवळ्या तापाच्या लसीचं प्रमाणपत्र मागतात. केनियासारख्या देशाने थेट भारतातून जाणाऱ्याला विचारलं नाही, तरी परत येताना भारत विचारतो. पिवळा ताप असलेल्या देशातून प्रमाणपत्राशिवाय परतलात तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावं लागतं. हा आपल्याच सरकारचा नियम आहे आणि तो योग्य आहे, कारण हा ताप पसरवणारा डास आपल्याकडे आहे आणि रोग अजून आलेला नाही.

- लस फक्त केंद्र सरकारने अधिकृत केलेल्या केंद्रावर मिळते. आरोग्य मंत्रालयाच्या यादीत नागपूरचं केंद्र आधी बघा आणि फोन केल्याशिवाय निघू नका. एका कुपीत अनेक डोस असल्याने बहुतेक ठिकाणी ठरावीक वारीच लस देतात.
- मूळ पासपोर्ट न्या. पिवळ्या पुस्तिकेत पासपोर्ट क्रमांक लिहिला जातो.
- प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतं. विमान परवा असेल तर आज घेतलेल्या लसीचा सीमेवर उपयोग नाही.
- ११ जुलै २०१६ पासून हे प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. जुन्या पुस्तिकेवर दहा वर्षं छापलेलं असलं तरी चालतं. पुन्हा टोचून घ्या म्हणणाऱ्याचं ऐकू नका.
- अंड्याची तीव्र ॲलर्जी, गरोदरपण, कमी झालेली प्रतिकारशक्ती, साठीच्या पुढचं वय यांपैकी काही असेल तर आधी सांगा. डॉक्टर लेखी सूट देऊ शकतात, मात्र ती मानायची की नाही हे तो देश ठरवतो. दूतावासाला आधी विचारा.

हजयात्रेकरूंसाठी थोडक्यात: मेनिंजायटिसची एसीडब्ल्यूवाय लस सक्तीची आहे, सौदीत पोहोचण्याआधी किमान दहा दिवस घेतलेली असावी. लसीच्या प्रकारानुसार ती तीन किंवा पाच वर्षं धरतात. हज समितीमार्फत जाणाऱ्यांना लसीकरण शिबिराची सूचना मिळते. खासगी टूरने जाणार असाल तर लस कोण देणार, हे पैसे भरण्याआधी ठरवून घ्या.

लस घ्यायची नसेल तर?

हा प्रश्न विचारणाऱ्याला हिणवणं चूक आहे. आपल्याच देशात २ मे २०२२ रोजी जेकब पुलियेल यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं, की कुणालाही जबरदस्तीने लस टोचता येणार नाही. घटनेच्या कलम २१ खाली शरीरावरचा हक्क ज्याचा त्याचा. त्याच निकालात हेही आहे, की सार्वजनिक आरोग्यासाठी सरकार मर्यादा घालू शकतं, फक्त त्या मर्यादा परिस्थितीच्या प्रमाणात असल्या पाहिजेत. मुंबईत १५ ऑगस्ट २०२१ पासून लोकलमध्ये सर्वसामान्य प्रवाशांपैकी फक्त दोन डोसवाल्यांना प्रवेश होता, ती एक मर्यादाच होती.

पण हा हक्क देशाच्या सीमेपर्यंतचा आहे. परदेशी सरकारवर किंवा विद्यापीठावर आपल्या न्यायालयाचा निकाल बंधनकारक नाही. तिथे नकार देण्याची वाट त्यांच्याच नियमांतून शोधावी लागते. वैद्यकीय कारणाची सूट बहुतेक ठिकाणी असते. धार्मिक किंवा वैयक्तिक मताची सूट अमेरिकेत राज्यागणिक बदलते; शाळकरी मुलांसाठी कॅलिफोर्नियाने ती २०१५ च्या कायद्याने आणि न्यूयॉर्कने २०१९ मध्ये काढून टाकली. म्हणून नकार ठरला असेल तर प्रवेश घेण्याआधी त्या राज्याचा नियम वाचा. फी भरल्यावर वाद घालून हाती काही लागत नाही.

माझं मत विचाराल तर मी लस घेण्याच्याच बाजूचा आहे. गोवराने मुलं दगावतात, पिवळ्या तापावर नेमका उपचार नाही. पण तुमच्या शंकेला उत्तर मिळणं हाही तुमचा हक्क आहे. कोणती लस, कुठल्या बॅचची, दुष्परिणाम काय, हे टोचण्याआधी विचारा. त्रास झाला तर आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडे लेखी नोंद करायला सांगा. ती नोंद त्यांनी घेतली पाहिजे.

कागद असा ठेवा

बरेच अर्ज लसीअभावी नाही, तर नाव आणि तारखेमुळे परत येतात.

- जुन्या कार्डावर मुलाचं नावच नसतं, ‘बेबी ऑफ’ आणि पुढे आईचं नाव असतं. अशा वेळी जन्मदाखला जोडा आणि पासपोर्टवरच्या नावाने डॉक्टरांकडून नवा तक्ता भरून घ्या. त्यावर त्यांचा नोंदणी क्रमांक, सही आणि शिक्का हवा.
- पासपोर्टवर वडिलांचं नाव कुठल्या रकान्यात आहे ते बघा. लसीच्या कागदावर नाव अक्षरशः तसंच असावं.
- ०३/०७ ही तारीख आपल्याला ३ जुलै आणि अमेरिकेला ७ मार्च दिसते. दोन डोसांमधलं अंतर त्यामुळे चुकीचं मोजलं जातं. महिना अक्षरांत लिहून घ्या.
- लसीचं नाव, बॅच क्रमांक आणि केंद्राचं नाव हे तिन्ही असूद्या. लहान मुलांची नोंद सरकारच्या यू-विन पोर्टलवर झाली आहे का, तेही सिस्टरना विचारा.

आणि कागद विकत घेऊ नका

लस न टोचता प्रमाणपत्र देतो म्हणणारे २०२१ मध्ये होते, आजही आहेत. खोटा दाखला वापरणं हा बनावटगिरीचा गुन्हा आहे आणि परदेशात पकडलं गेलं तर व्हिसा जातो, पुढचे अर्जही अडतात. पिवळ्या तापाच्या बाबतीत तर जीवही जाऊ शकतो. नोकरीसाठी नेणारा एजंट परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट यादीत नोंदलेला आहे का ते बघा. नोंदणीकृत एजंटला सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी, एवढंच घेता येतं. ‘लसीच्या कागदाचे वेगळे’ असं तो म्हणाला तर पावती मागा.

जिल्ह्यातल्या आरोग्य सेविका, आशाताई आणि डॉक्टरांना एक विनंती: कार्डावर टिकमार्क करून सोडू नका. तारीख, लसीचं पूर्ण नाव आणि बॅच क्रमांक सुवाच्य अक्षरात लिहा. ज्या बाळाला आज तुम्ही टोचता आहात, त्याला हेच कार्ड अठरा वर्षांनी लागणार आहे.